ओझं देऊन मोजायचं

दुपारचा दीड वाजलेला आहे. जेवण आटोपलंय, डोक्यावर पंखा फिरतोय आणि कुमुद हेरवाडे टेबलावर उघडून ठेवलेल्या सेटसमोर बसल्या जागी पेंगायला लागली आहे. एका हातात मीटरची लाल वायर, दुसरा हात टेबलावर पसरलेला. पाच मिनिटं डोळे मिटू, असं ती स्वतःशीच म्हणते.

सेट म्हणजे हॅम रेडिओ, हौशी लोकांचा बिनतारी संच. खांद्याला अडकवून डोंगरावर नेता येईल एवढा, ऐकणारा आणि बोलणाराही. उद्या चंदगडकडच्या डोंगरावर जाखुबाईची जत्रा आहे आणि तिथं मोबाइलला रेंज नाही. सहा वर्षांपूर्वी जत्रेतली एक म्हातारी जंगलात वाट चुकली आणि दोन दिवसांनी जेमतेम जिवंत सापडली. तेव्हापासून दरवर्षी डोंगरावर एक सेट आणि पायथ्याला दवाखान्याच्या गाडीत एक सेट, असा नेम पडला. डोंगरावर बसायचे दस्तगीर मुजावर. जयसिंगपूरच्या स्टँडमागं त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कुमुद त्यांना चाचा म्हणायची. गेल्या श्रावणात चाचा गेले. चाळीस दिवस झाल्यावर चाचींनी हा सेट कुमुदच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाल्या, तुझ्याजवळच राहू दे. यंदा डोंगरावर ती बसणार आहे. पाच वाजता जीप निघायची आहे आणि सेट तीन दिवस झाले बोलत नाही.

पंख्याचा आवाज हळूहळू खरखरीसारखा होत जातो. रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधल्या मोकळ्या जागेत असते तशी खरखर. कुमुद कान देऊन ऐकते, तर समोरच्या खुर्चीवर चाचा बसलेले आहेत. शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, चष्मा कपाळावर.

तिला आश्चर्य वाटत नाही. एवढंच वाटतं, की विचारून घ्यावं.

"चाचा, तुम्ही गेलात ना?"

"गेलो की," चाचा म्हणतात. "सेट इथंच ऱ्हायला न्हवं. काय होतंय त्याला?"

कुमुद सांगायला लागते, की बहुतेक आवाज बाहेर फेकणारा शेवटचा ट्रान्झिस्टर गेला असावा, तो पार्ट बेळगावातही मिळाला नाही. चाचा हात वर करतात. ती सव्वीस वर्षांची असताना दुकानात पहिल्यांदा आली, तेव्हाही त्यांनी असाच हात वर केला होता.

"काय होतंय ते सांग. तुला काय वाटतंय ते मागनं."

मग ती नीट सांगते. ऐकू सगळं येतं, निपाणीचा आवाज येतो, गोव्याचाही येतो. बोलायला बटण दाबलं, की दिवा मिणमिणतो आणि सेट बंद पडतो. बटण सोडलं की पुन्हा चालू. बॅटरी नवी घातली. माइकची वायर बदलली. फ्यूज तपासला, मीटर पीऽऽ वाजलं, म्हणजे तो शाबूत. बॅटरीपाशी मोजले तर साडेबारा व्होल्ट, सेटपाशी मोजले तरी साडेबारा.

"कधी मोजलंस?"

"सेट ऐकत होता तेव्हा."

टेबल आता टेबल नाही, दुकानातला लाकडी काउंटर आहे, कडेला सोल्डरिंगचे डाग दिल्याच्या काळ्या खुणा. काउंटरच्या पलीकडे स्टँड असायला हवा, पण तिथं डोंगर आहे. जाखुबाईच्या पायऱ्या सरळ दुकानातून वर चढत जातात आणि बायका डोक्यावर नैवेद्याच्या दुरड्या घेऊन काउंटरजवळून जातात. कुणी वळूनही बघत नाही. चाचा त्यांच्याकडं बोट करतात.

"ती निळ्या लुगड्याची बघ. उभी असताना गुडघा कसा दिसतोय?"

"बरा दिसतोय."

"आता चढू दे तिला."

बाई चढते. तिसऱ्याच पायरीला तिचा गुडघा लचकतो आणि ती दुरडी सावरत बाजूला बसते.

"नुसतं उभं ठेवून काय कळतंय गं? ओझं देऊन मोजायचं."

कुमुदला एकदम लाज वाटते आणि त्याच क्षणी हसूही येतं. बोलताना सेट ऐकतानापेक्षा कितीतरी जास्त करंट ओढतो, हे तिनं स्वतः निवृत्तीनंतर कॉलेजच्या पोरींना शिकवलंय. बटण दाबलेलं असताना सेटपाशी किती व्होल्ट उरतात, हे तिनं बघितलंच नाही. चाचा रागावत नाहीत. ते कधी रागवायचेच नाहीत, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घ्यायचे, बस्स.

"चल, वायर धरून चल," ते म्हणतात.

बॅटरीची तांबडी वायर पायऱ्यांवरून खाली गेलेली आहे. कुमुद ती मुठीत धरून चालायला लागते आणि डोंगर उतरता उतरता ती टेलिफोन ऑफिसच्या लांब व्हरांड्यात येते. इथं तिनं बत्तीस वर्षं नोकरी केली. पहिली चार वर्षं तिला हत्यारांच्या खोलीत पाऊलही टाकू दिलं नाही. बाईनं बोर्डावर बसावं, नंबर जोडून द्यावेत, असा रिवाज होता. त्याच वर्षांत ती संध्याकाळी चाचांच्या दुकानात जायला लागली आणि चाचांनी पहिल्याच दिवशी, काही न विचारता, तापलेला सोल्डरिंग आयर्न तिच्या हातात दिला. व्हरांड्यात आज कुणी नाही. सगळ्या खोल्यांची दारं उघडी आहेत.

चाचा शेजारून चालताहेत. त्यांच्या चपलांचा आवाज येत नाही.

"चाचा, मला एक बोलायचं राहून गेलं," कुमुद म्हणते. "तुम्ही होता तेव्हा रोज भेटत होतो, म्हणून कधी सुचलंच नाही. दवाखान्यात आले तर तुम्ही झोपलेले. तुम्ही मला त्या दिवशी आयर्न दिला नसता ना, तर मी जन्मभर दुसऱ्यांचे नंबर जोडत बसले असते."

चाचा थांबतात. खिशातून चिमूटभर रेझिस्टर काढतात, ज्वारीच्या दाण्यांएवढे, अंगावर माप सांगणारे रंगीत पट्टे असलेले, आणि तळहातावर पसरतात.

"हे वाच."

ही त्यांची जुनी सवय. दुकानात ती असली, की प्रत्येक रेझिस्टर तिच्यापुढं धरायचे आणि रंग वाचायला लावायचे. ती आताही वाचते. पिवळा, जांभळा, तांबडा. तपकिरी, काळा, केशरी.

"तुला वाटायचं मी परीक्षा घेतोय," चाचा म्हणतात. "मला ते दिसत नव्हते गं. तांबडा कुठला, तपकिरी कुठला, शेवटची सात-आठ वर्षं काही कळायचं नाही. दुकान बंद करायच्या बेतात होतो. तू यायचीस, वाचून सांगायचीस, म्हणून चाललं. आभार मी मानायचे ऱ्हायलेत."

कुमुद त्यांची बोटं रेझिस्टरांवर मिटवते. तिच्या दुसऱ्या हातातल्या वायरीत एक गाठ लागते. ती दाबून बघते. खडबडीत लागते.

"आता जा," चाचा म्हणतात. "देसाईबाई वाट बघतीया."

फोन वाजतोय. गडहिंग्लजच्या देसाईबाईंचाच आहे. पायथ्याचा सेट त्या सांभाळणार आहेत. कुमुद डोळे उघडते तर पावणेतीन वाजलेत, गालावर टेबलाच्या कडेचा वळ. सेट झाला का, असं देसाईबाई विचारतात. अर्ध्या तासात सांगते, असं बोलून कुमुद फोन ठेवते आणि मग तिचं उजव्या हाताकडं लक्ष जातं.

तिच्या मुठीत बॅटरीच्या वायरीवरची फ्यूजची डबी आहे, आटे फिरवून उघडलेली. ती कधी उघडली, तिला आठवत नाही. तीन दिवसांत तिनं फ्यूज तपासला तो बाहेरूनच, दोन्ही टोकांना मीटर लावून. आतली पितळी स्प्रिंग डोंगरावरच्या सहा वर्षांच्या दमट हवेनं गंजून हिरवी झालेली आहे आणि तो हिरवा चुरा तिच्या तळहातावर उतरलाय.

ती डबी पुन्हा बंद करते, सेटपाशी मीटर लावते आणि बटण दाबते. साडेबाराचे सात होतात. बॅटरीपाशी मात्र बाराच्या वर. ओझं सहन होत नाही ते या डबीला. कुमुद ती कापून टाकते, नवी डबी डाग देऊन बसवते आणि पुन्हा बटण दाबते. दिवा मिणमिणत नाही. ती आपलं कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, सांगते, आणि पलीकडून देसाईबाई म्हणतात, की आवाज अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा येतोय.

पाच वाजता जीप येते. कुमुद ती आधी स्टँडमागच्या बोळात, चाचांच्या घराकडं घ्यायला सांगते. चाची दारातच तांदूळ निवडत बसलेल्या असतात. सेट बोलायला लागला, हे ऐकून त्या सूप बाजूला ठेवतात. कुमुद उभ्या उभ्याच विचारते.

"चाची, चाचांना शेवटी शेवटी रंग ओळखू येत नव्हते का?"

चाची पदर सावरत उठून उभ्या राहतात.

"तुला कधी बोलले? मला तर शपथ घातलेली, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

निरोप घ्यायला कुमुद हात पुढं करते. दोनदा साबण लावूनही तळहाताच्या रेषांतला हिरवा रंग गेलेला नाही. चाची तो हात आपल्या दोन्ही हातांत धरतात, उलटा-सुलटा करून बघतात आणि पदरानं सावकाश पुसायला लागतात. जीपवाला हॉर्न देतो. कुमुद हात काढून घेत नाही.