लोखंड की कापड

त्या ऑक्टोबरात आमची तुकडी वरठी स्टेशनवर उतरली, तेव्हा माझ्याइतका खूश कोणी नव्हता. पलटणीत भरती झाल्यापासून पहिल्यांदाच ड्यूटी माझ्या भंडारा जिल्ह्यात लागली होती. साल शहाऐंशी. पंजाबात साध्या कपड्यांत फिरणाऱ्या जवानांसाठी शर्टाच्या आत घालायचं बुलेटप्रूफ जॅकेट निवडायचं होतं. पुढे तेच बँकेची रोकड नेणाऱ्या सिव्हिल गार्डांनाही देण्याचा विचार होता.

नमुने दोन. एक नंबरच्या खिशांत पोलादी पत्रे होते आणि बकलं पाठीवर. दोन नंबर म्हणजे जाड नायलॉनचे थरावर थर, बगलेत वेल्क्रोची पट्टी. ओढली की चर्र आवाज करून सुटायची.

सकाळी रेंजवर ओल्या मातीच्या पोत्यांना जॅकेटं बांधली. कॅप्टन साहेबांनी पिस्तूल चालवलं, मग कार्बाईन. आम्ही धावत पुढे गेलो. दोन्हींनी गोळ्या अडवल्या होत्या. पत्र्यामागची माती जेमतेम दबली होती. कापडामागे मूठ बसेल एवढा खड्डा होता. सगळ्यांचं मत पत्र्याकडे झुकलं.

साहेब म्हणाले, "रायफलची गोळी दोन्हींतून जाईल. हे डोक्यात ठेवा."

आता ते शर्टाखाली लपतं का, हे पाहायचं होतं. जिल्ह्यातले म्हणून दोघांना निवडलं: मी, हुद्द्यानं नाईक, आंधळगावच्या धान पिकवणाऱ्या घरातला, आणि लान्स नाईक सोमा मारबते, लाखांदूरकडच्या ढिवराच्या घरातला. बापासोबत तळ्यात मासे धरतच तो मोठा झाला होता. सोमानं हट्टानं पत्र्याचं घेतलं. मी कापडाचं. वर सैलसर शर्ट. आंधळगावच्या बाजारात फिरून यायचं, कोणाला कळलं तर नापास.

एसटीत कंडक्टरनं आमच्याकडे पाहिलंही नाही. बाजारात माझी मावशी भेटली. तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काहून रे, मिलिटरीत नुसता खाऊन राहिला का? किती फुगला!"

सोमा तोंड फिरवून हसत होता. आम्ही पास झालो होतो. शाळकरी पोरांसारखे उड्या मारत तळ्याच्या मातीच्या पाळीवरून परत निघालो.

तेवढ्यात ओरडा झाला. शिंगाडे तोडणाऱ्या एका बाईचा डोंगा उलटला होता. लुगडं वेलींत गुंतलं होतं आणि ती खाली ओढली जात होती. मी काही बोलायच्या आत सोमानं उडी मारली.

त्यानं तिला गाठलं. वेली तोडल्या, तिचे हात उलट्या डोंग्यावर टेकवले. आणि मग तो स्वतः दिसेनासा झाला.

पत्रे त्याला खाली नेत होते. बकलं पाठीवर, तीही शर्टाच्या आत. त्याचा हात तिथे पोचणार नव्हता. मी शर्टाखाली हात घालून पट्टी ओढली, जॅकेट खालून उपसून पाळीवर फेकलं आणि पाण्यात शिरलो. शिंगाड्याचे काटे अंगभर टोचले. हाताला त्याची कॉलर लागली, पण त्याला वर ओढवेना. शर्ट फाडला. गाळात चाचपडत बकलं सोडवली. शेवटचं बकल सुटलं तसा तो बुचासारखा वर आला.

लोकांनी आम्हा तिघांना ओढून काढलं. बाई जिवंत होती, रडत होती. सोमा पाणी ओकत पडला होता. मी त्याच्यावर वाकलो. तो म्हणाला, "साहेबाले सांग, लोखंड नको."

मला हसू आवरेना.

संध्याकाळी साहेबांसमोर दोघं उभे राहिलो.

"रिपोर्ट?"

"दोन नंबर, सर."

"कारण?"

"एका हातानं निघतं, सर."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः दोन नंबर घालून त्याच तळ्यात उडी मारली आणि पाण्यातच ते काढून दाखवलं. पाळीवर आम्ही टाळ्या वाजवल्या. पलटणीसाठी दोन नंबरच आलं. आपण निवडलेलं जॅकेट सगळे घालतात, याचा आम्हा दोघांना फार अभिमान वाटे.

पुढच्या वर्षी पंजाबात, तरनतारनजवळच्या एका शेतवस्तीवर, आम्ही साध्या कपड्यांत घराला वेढा घातला होता. सोमा दाराच्या डावीकडे होता. आतून पहिली गोळी रायफलची आली. तो जागीच गेला.

त्याच्या सामानाची पेटी घेऊन मी लाखांदूरला गेलो. त्याची आई ओसरीत बसली होती. तिनं पेटीला हातही लावला नाही.

"त्यानं ते जाकेट घातलं होतं का?"

"होतं, माय. पण गोळी रायफलची होती. ती जॅकेटानं थांबत नाही."

ती उठून जवळ आली. मग माझ्या छातीवर हात ठेवून म्हणाली, "तरी तू घालत जाजो, बापा."