विकणारीचं पहिलं बोट

"बोट तुमचं, जीभ तुमची, जागेला नाव तुमचं. मग घास माझ्याच घशाखाली का?"

"कारण सहा वर्षं अडीनडीला तूच घेत आलीस."

"घेतला. आता नाही घेणार."

"आजच्या दिवस घे, लारिबा."

"आजच्या दिवस तर मुळीच नाही, अक्का. आज मा हावा येणार. तिला तुमचं बोट बघायचंय. माझ्या बोटाचं ती काय लोणचं घालणार?"

उजाडून थोडाच वेळ झाला होता. झेनाबू अंगणात चुलीपुढे बसून तापलेल्या वाळूत शेंगदाणे परतत होती आणि तिची सवत लारिबा गिरणीला न्यायचं पातेलं कमरेवर टेकवून तिच्या डोक्याशी उभी होती. दोघींचा नवरा, मास्तर याकुबू, चार वर्षांपूर्वी वारला. घर एक, अंगण एक, धंदा एक, आणि बोलणं हे असं. मी त्याच अंगणातल्या कोपऱ्याच्या खोलीत भाड्याने राहते आणि बाजारात त्यांच्या समोरच साबण विकते. त्यामुळे हे भांडण मला सकाळी घरी ऐकायला मिळायचं आणि दुपारी बाजारात.

भांडण बोटावरून होतं. तमाले शहरातल्या आमच्या बाजारात दाण्याच्या लोण्याची एक अख्खी रांग आहे. भाजलेले दाणे तेल सुटेपर्यंत दळायचे की झालं लोणी. तिथे नवं पातेलं उघडलं की पहिलं बोट विकणारीचं. तिने गिऱ्हाइकासमोर बोटभर उचलायचं, चाटायचं, गिळायचं, मगच डाव बुडवायचा. लोण्यात कसाव्याच्या कंदाचं स्वस्त पीठ मिसळणाऱ्या बायका आहेत, बुरशी धरलेले दाणे दळणाऱ्याही आहेत, त्यामुळे ही रीत कुणी मोडत नाही. आणि झेनाबूला दाणे गिळता येत नव्हते.

एके काळी तिच्याइतके दाणे कुणी खाल्ले नसतील. लग्नाआधीपासून ती या रांगेत बसते. पोतं उघडलं की मूठभर कच्चे दाणे तोंडात टाकायची आणि चावता चावता सांगायची, हे येंदीकडचे, हे पावसात सापडलेले, यात मागच्या वर्षीचे मिसळलेत, परत ने. व्यापारी तिच्यासमोर पोतं सोडताना मान खाली घालायचे. दिवसभर तिचं तोंड चालू. मास्तर म्हणायचा, हिच्या अंथरुणात सुद्धा टरफलं सापडतात.

मग पोटाने धरलं. मुरडा, हगवण, मग रक्त. वर्षभरात बाईची काठी झाली. आमच्याकडे छातीखालच्या सगळ्या दुखण्याला अल्सरच म्हणतात, त्यामुळे आधी अल्सरच्या पाल्याचे काढे झाले, मग कडू सालीचे, मग एका मौलवींनी पाटीवर कुराणातली ओळ लिहून ती धुऊन दिलेलं पाणी. शेवटी दवाखाना. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर नळी काढली आणि तिच्यावर एका ठिकाणी पेन दाबलं. आतड्याला सूज आहे, म्हणाल्या, आणि या जागी ते चिंचोळं झालंय. हे जाणार नाही. कधी शांत बसेल, कधी उठेल. गोळ्या जन्मभर. अख्खा दाणा नाही, भरडलेला नाही. अगदी मऊ लोणी असेल तर शांत दिवसांत चमचाभर चालेल. झेनाबूने विचारलं की दाणेवाल्या बाईने दाणे खायचे नाहीत तर करायचं काय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विकायचे.

तरी तिने खाल्ले. भावाच्या मुलाच्या बारशाला उकडलेले दाणे परातीने फिरत होते. म्हातारी आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, बाजारात मोठी झालीस, आता आमचे दाणे उतरत नाहीत होय घशातून? झेनाबूने दोन मुठी खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी पोट ढोलासारखं तटतटलं. नऊ दिवस नाकात नळी, आणि आतड्याचा वीतभर तुकडा कापून काढावा लागला.

ते नऊ दिवस आणि पुढचे दोन महिने तिची घाण लारिबाने धुतली. हे सांगायलाच हवं, कारण पुढे लारिबाबद्दल मी जे सांगणार आहे ते चांगलं नाही. तिने धुतलं, वाळवलं, आणि बाहेर विचारणाऱ्याला मलेरिया सांगितला. त्याला कारण होतं. आमच्याच बाजारात लापशी विकणाऱ्या एका बाईला हगवण लागली होती. महिन्यात बरी झाली. तिच्या जागेवर आज प्लास्टिकच्या चपला टांगलेल्या आहेत.

दवाखान्यातून आल्यापासून झेनाबूने दाणे तीनदा दळून आणायला सुरुवात केली. गिरणीवाला कुरकुरायचा, बाकीच्या बायका एकदा घालतात, फार तर दोनदा. पण तीनदा दळलेलं लोणी बोटावरून सायीसारखं ओघळायचं आणि ते तिला चमचाभर पचायचं. गिऱ्हाइकाला कारण ठाऊक नव्हतं, चव ठाऊक होती. रश्शात गुठळी म्हणून राहायची नाही. तीन वर्षांत खाणावळवाल्या बायका शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून यायला लागल्या. बरे दिवस असले की पहिलं बोट झेनाबूचं. पोट उठलेलं असलं की लारिबा पुढे व्हायची, हसून चाटायची, एकाच घरच्या आम्ही, म्हणायची. आणि कच्चे दाणे झेनाबू चावून दुधाच्या रिकाम्या डब्यात थुंकायची, ओढणीआड.

आता लारिबाचं. सव्विसाव्या वर्षी ती या घरात दुसरी म्हणून आली. पोती तिने उचलली, गिरणीच्या रांगेत ती उभी राहिली, टरफलं पाखडून तिचे डोळे बारा महिने लाल. पंधरा वर्षं झाली तरी बाजारात तिला लारिबा म्हणून कुणी हाक मारत नाही. झेनाबूकडची, म्हणतात. गेल्या रमझाननंतर तिने सरळ विषय काढला. अक्का, तुम्ही आजारी, तुम्ही घरी बसा, जागा माझ्या नावावर करा. झेनाबू म्हणाली, मी मेल्यावर घे. लारिबा म्हणाली, वाट बघण्यात माझी पंधरा वर्षं गेली.

पुढच्याच बाजाराला तिने पहिलं बोट घालणं बंद केलं.

वाईट दिवसांत झेनाबू मग सोंग करू लागली. बोट ओठांपर्यंत न्यायचं, तोंड वळवायचं, पिवळ्या ओढणीच्या टोकाला पुसायचं. तेलाचा डाग कधी लपत नाही. मोटार स्टँडवर खाणावळ चालवणाऱ्या मा हावाने तो पाहिला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, रविवारच्या भाताच्या गोळ्यांसाठी आणि दाण्याच्या रश्शासाठी एका वेळी चाळीस वाडगे नेणारी. तिने भर रांगेत विचारलं, "झेनाबू, लोणी जिभेला चाखवतेस की ओढणीला?" लोक हसले. संध्याकाळपर्यंत कसाव्याचं पीठ सगळ्या बाजारात पोचलं होतं. लारिबाला कुणी विचारलं की ती म्हणायची, मला काय माहीत, पण खात नाहीत बाई त्या, हे खरं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

मा हावाने निरोप धाडला: पुढच्या बाजाराला येते, माझ्यासमोर खा, नाहीतर मी दुसरीकडे. ती फिरली की बाकीच्या खाणावळी फिरणार. आणि बाजारातल्या बायकांची पुढारीण, मगाजिया, हिनेही सांगून टाकलं की तसं झालं तर ती जागा लारिबाला देऊ, तिने केव्हाच मागून ठेवली आहे.

तो बाजार आज होता.

चुलीपुढे झेनाबूने झारा वाळूत रोवला. "ठीक आहे. मीच चाटते. दहा दिवस पोट गप्प आहे. तीनदा घालून आण."

"चारदा घालते, अक्का. पाण्यासारखं करून आणते, घटाघटा प्या."

"तीनदा. आणि गरम असतानाच झाक."

"अजून काही? नमाज पण तुमच्यासाठी मीच पढू?"

झेनाबूने झारा पुन्हा हातात घेतला. दाणे चाळले, साली चोळून उडवल्या, पातेल्यात ओतले. लारिबाने पातेलं डोक्यावर घेतलं आणि ती अंगणाबाहेर पडली.

मी साबणाच्या वड्या रचून झाले तेव्हा मा हावा आली होती. तिच्यामागे दोन पोरी रिकाम्या बादल्या घेऊन. बाकीची रांग विकायचं सोडून बघत होती. झेनाबू आंघोळ करून, धुतलेली पांढरी ओढणी घेऊन बसली होती. मुद्दामच, पुसायला जागा नाही हे दिसावं म्हणून. आणि लारिबा गिरणीवरून थेट आली, पातेलं ठेवलं, झाकण काढलं, बाजूला सरून उभी राहिली.

मा हावा म्हणाली, "घे."

झेनाबूने बोट बुडवलं, वर घेतलं आणि सवयीने अंगठा त्यावर फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. मग तिचा हात थांबला.

मी समोरच होते. तिचा चेहरा आधी कळला नाही, मग तिने लारिबाकडे पाहिलं तेव्हा कळला. लारिबा पातेल्याच्या कडेवरचा ओघळ टिपत होती. वर बघत नव्हती.

"काय झालं?" मा हावा म्हणाली. "ओढणी विसरलीस?"

कुणीतरी खुसखुसलं. झेनाबूचं बोट तसंच हवेत. ते बोट तोंडात गेलं असतं तर प्रश्न मिटला असता, निदान तिसऱ्या दिवसापर्यंत. रांगेतल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. तिच्या सवतीला होतं.

"मी हे खाणार नाही," झेनाबू म्हणाली.

"मग झालं तर." मा हावाने पोरींना बादल्या उचलायची खूण केली.

"थांब. का ते ऐकून जा. माझ्या आतड्याला रोग आहे. सहा वर्षं झाली. मलेरिया सांगितला तेव्हा माझं पोट कापलं होतं. दाण्याचा बारीक कण जरी अडकला तरी मी परत तिथेच जाईन. मऊ असेल तर चालतं मला, म्हणून मी तीनदा दळते. तुला आवडतं ना मऊ? ते तुझ्यासाठी नव्हतं."

शेजारच्या भेंडीवालीने आपली टोपली चार बोटं पलीकडे सरकवली, ते मी पाहिलं.

मा हावाचं तोंड कडू झालं. "रोग. आणि त्या हातांनी मला सहा वर्षं खायला घातलंस."

"लागणारा नाही तो."

"तू सांगणार मला. माझ्या खाणावळीत माणसं जेवतात, झेनाबू. उद्या त्यांना मी काय सांगू, बाईच्या आतड्यामुळे रस्सा मऊ होतो म्हणून?"

"काय सांगायचं ते सांग. पण पीठ मिसळते म्हणू नकोस." झेनाबूने तिचं मनगट धरलं. मा हावाने हिसका दिला, तरी सोडलं नाही. आपल्या बोटावरचं लोणी तिच्या बोटांवर निपटलं. "चोळ. वीस वर्षं घेतेस, तुझ्या हाताला कळतं. चोळ आणि सांग, हे माझं आहे?"

मा हावाने रागारागाने चोळलं. मग सावकाश. मग तिने बोट तोंडात घातलं आणि दाढेखाली काहीतरी कर्रकन वाजलं, ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"हे लोणी कुठे," ती म्हणाली. "कूट आहे हे."

"कूट आहे," झेनाबू म्हणाली.

मा हावाने लारिबाकडे पाहिलं, मग झेनाबूकडे, आणि बोटं स्वतःच्या ओढणीला पुसली. पोरींनी बादल्या उचललेल्याच होत्या. तिने त्या खाली ठेवायला सांगितल्या नाहीत आणि निघायलाही सांगितलं नाही.

झेनाबू बसल्या जागेवरूनच बोलली. आवाज चढवला नाही. "लारिबा, किती वेळा घातलंस?"

लारिबाच्या हातात अजून झाकण होतं.

"माझी घाण धुतलीस तू. मी कशाने मरते हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. म्हणून विचारते. चुकून झालं, की मी हे गिळावं म्हणूनच एकदा घातलंस?"

लारिबाने झाकण पातेल्यावर ठेवलं, जरा वाकडं बसलं होतं ते दाबून नीट बसवलं. मग चपला पायात सरकवल्या आणि सुक्या मासळीच्या रांगेतून, अंगावर आलेल्या हातगाडीला वाट देत, ती बाजाराबाहेर निघून गेली.