टवका

ज्या माणसाला गाडी चालवता येत नाही त्याने माझ्या जीपचे फ्लेअर निवडले, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं. तो माणूस म्हणजे माझा नवरा. बँकेत नोकरी, सिंगापूरच्या मेट्रोने, एमआरटीने जाणं-येणं. लायसन्स काढावं असं त्याच्या कधी मनातही आलं नाही.

जीप माझी होती. तुआसच्या कारखान्यात पाइप आणि व्हॉल्व्ह यांच्यात कितीतरी वर्षं घालवल्यावर मी ती हौसेने घेतली होती. महिन्यातल्या एका शनिवारी आमचा चार-पाच गाड्यांचा कंपू पूल ओलांडून मलेशियात जायचा आणि तिथल्या पामच्या मळ्यांमधल्या लाल चिखलात गाड्या घालायचा. तेवढा एक दिवस मी कुणाची मॅनेजर नसायचे आणि कुणाची आईही नसायचे.

मोठे टायर घातल्यापासून मात्र दगड उडून चाकांवरच्या पत्र्याच्या रंगाचे टवके निघायला लागले. पत्रा उघडा पडला की इथल्या दमट हवेत गंज चढायला वेळ लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे फ्लेअर, त्या पत्र्याच्या म्हणजे फेंडरच्या कडेला बसवायची रुंद पट्टी. मला काळ्या, खरखरीत प्लास्टिकचे हवे होते. त्यांच्यावर ओरखडे पडले तरी कळत नाहीत. हे मी वर्कशॉपच्या चिनी अंकलना फोनवर सांगूनही ठेवलं होतं.

सुट्टी होती म्हणून नवरा बरोबर आला. अंकलनी कॅटलॉग काढला आणि सरळ त्याच्यापुढे उघडला. मला म्हणाले, "मॅडम, यू सिट इनसाइड, गॉट एअरकॉन." तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, म्हणून मी दहा मिनिटं बाहेर गेले. परत येते तर ऑर्डर देऊन झालेली!

"गाडीच्याच रंगाचे घेतले, चकचकीत," नवरा खुशीत म्हणाला. "शोभतील बघ."

"ते नकोत, काळे द्या," मी अंकलना सांगितलं. अंकलनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी नवऱ्याला विचारलं, "बॉस, कॅन चेंज ऑर नॉट?" गाडी माझी, चालवणार मी, आणि परवानगी याची! त्याहून जास्त राग येतो तो माझाच. नवरा कसंनुसं हसला आणि चारचौघांत तमाशा नको म्हणून मी गप्प बसले.

फ्लेअर बसले. त्यांच्यावर पातळ पारदर्शक फिल्म होती. ती सोलायला गेले तर नवऱ्याने हात धरला. "अगं, राहू दे ना. तेवढेच जपले जातील."

आमच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये रिमोट प्लास्टिकमध्ये असायचा, सोफ्याला कव्हर असायचं आणि पाहुणे आले की त्या कव्हरवर चादर पडायची. तिथवर मी सगळं चालवून घेतलं. पण शुक्रवारी संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "उद्या मळ्यात नको नेऊस. फ्लेअर खराब होतील."

"मग बसवले कशाला?"

"फेंडर खराब होऊ नये म्हणून."

"आणि फ्लेअर खराब होऊ नयेत म्हणून गाडीच न्यायची नाही?"

"निदान सुरुवातीचे काही महिने," तो अगदी मनापासून म्हणाला.

"पप्पा, इट्स अ जीप लाह!" मुलगी ताटातून मान वर न करता म्हणाली.

मी ताटावरून उठले. माझ्या डोळ्यांपुढे आई आली. ती जन्मभर कान तुटलेल्या कपातून चहा प्यायली. चांगला सेट, निळ्या फुलांचा, पाहुण्यांसाठी. मात्र तितके चांगले पाहुणे कधी आलेच नाहीत. ती गेल्यावर पुण्याचं स्वयंपाकघर आवरताना तो मला वर्तमानपत्रात गुंडाळलेला सापडला. सहाच्या सहा कप, एकालाही साधा चरा नाही. तेव्हा मी ढसाढसा रडले होते.

आणि मग तो सेट मी काय केला? सिंगापूरला आणला, बबल रॅपमध्ये गुंडाळला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिला. नवऱ्याला नावं ठेवणारी मी!

सकाळी स्टुलावर चढले, एक कप सोडवला आणि त्यात चहा घेतला. मग खाली पार्किंगमध्ये जाऊन चारही फ्लेअरची फिल्म टराटरा सोलली आणि निघाले.

संध्याकाळी परतले तेव्हा जीप खिडक्यांपर्यंत लाल झाली होती. नवरा ओलं फडकं घेऊन खाली आला. पुसता पुसता त्याचा हात एका जागी थांबला.

"अगं, पहिल्याच दिवशी टवका उडाला!"

"उडू दे. आणि उद्यापासून चहा आईच्या कपांमधून प्यायचा. सगळ्यांनी, रोज."

"एखादा फुटला तर?"

"फुटला तर फुटला."

तो दुसरं चाक पुसायला लागला. मी मात्र तिथेच उभी राहिले. आईला हे एकदा तरी कुणीतरी म्हणायला हवं होतं. मीच म्हणायला हवं होतं.