पूर्ण सहमत

आमच्या स्टाफरूममध्ये विसरलेल्या छत्र्या साठायच्या. कुणाच्या ते कुणालाच माहीत नाही, आणि टाकवतही नाहीत. सर्वेचे किस्सेही तसेच साठलेत. शाळा गेली, स्टाफरूम गेली, पण अधूनमधून लालबागच्या एका हॉटेलात आम्ही चार जुने शिक्षक भेटतो आणि मिसळ टेबलावर यायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "तो सर्वे आठवतो का?" मग आम्ही हसतो. हसतो म्हणजे दात दिसतात, एवढंच.

ओळख करून देते. मी पाटकर बाई, मराठी शिकवायचे. सावंत सर गणिताचे, रागावले की थेट मालवणीत शिरणारे. कांबळे सर इतिहासाचे. ह्याच शाळेत शिकले आणि ह्याच शाळेत शिकवायला आले. आणि कदम बाई, आमच्या हेडबाई. शाळा चिंचपोकळीची, मराठी माध्यमाची, दुपारच्या अधिवेशनाची. आमच्या निम्म्या मुली सकाळी आईच्या हाताखाली राबायच्या. कुणाकडे डबे, कुणाकडे शिवणकाम, कुणाकडे धाकटं भावंड सांभाळायचं. दुपारी दोन वेण्या घालून शाळेत हजर. शाळा दुपारची होती म्हणून त्या शिकत होत्या, साधी गोष्ट आहे.

संस्थेची दुसरी शाळा दादरला, इंग्रजी माध्यमाची. तिकडे ॲडमिशनला रांगा, आमच्याकडे दरवर्षी बाकं रिकामी. मराठी शाळा ठेवायची की बंद करायची, ह्यावर संस्थेत खल चालला होता. शेवटी सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "भावनेवर जायचं नाही. आपण सायंटिफिकली ठरवू. मुलांचा अनुभव काय, शिकण्याबद्दलची वृत्ती काय, ते मुलांनाच विचारू."

झालं! तिथून सुरुवात.

•

सर्वे करायला इरा मॅडम आल्या. पुण्याच्या, पंचविशीतल्या, गोड बोलणाऱ्या. माझ्या सातवीच्या वर्गात त्यांनी कागद वाटले. प्रत्येक वाक्यापुढे पाच चौकोन. पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत.

पहिला प्रश्न मागच्या बाकावरून आला. "मॅडम, किती मार्कांचं आहे?"

"मार्क नाहीत रे. ही परीक्षा नाही. ह्यात कुठलंच उत्तर चूक नसतं!"

सगळ्या वर्गाने पेनं खाली ठेवली. ज्यात चूक होऊ शकत नाही ते लिहायचं कशाला? आमच्या मुलांना उद्योग कमी होते काय!

सावंत सर दारावरून चालले होते. त्यांनी आत डोकावून एकच वाक्य टाकलं, "वार्षिकला येणारंय हे." पेनं पुन्हा वर! इरा मॅडमनी कपाळाला हात लावला.

•

एका वाक्याचा किस्सा मात्र मला आजही पचलेला नाही. "मला घरी अभ्यासासाठी स्वतंत्र खोली आहे."

प्राची नावाची मुलगी होती माझ्या वर्गात. हुशार नव्हे, चिवट. गणितात एकदा नापास झाली की दुसऱ्या वेळी सावंत सरांच्या मानगुटीवर बसून पास होणार, अशी. तिची आई ऑफिसांना डबे द्यायची. प्राची सकाळी पोळ्या लाटायची आणि दुपारी शाळेत यायची. तिने ह्या वाक्यापुढे "पूर्ण सहमत" केलं.

इरा मॅडम कौतुकाने म्हणाल्या, "अरे वा! तुला स्वतंत्र खोली आहे?"

"हो ना मॅडम," प्राची म्हणाली. "पूर्वी आम्ही काकांच्यात राहायचो. आता स्वतंत्र आहे. आम्ही सहा जण राहतो."

 मॅडमनी कागद तसाच गठ्ठ्यात ठेवला. मी विचारलं, "अहो, बदलायला नको का?" तर म्हणाल्या, "मुलांचं उत्तर आपण बदलायचं नसतं, बाई. एथिक्स असतात."

•

त्या एथिक्सचं काय झालं ते ऐका.

इरा मॅडम चहाला गेल्या आणि जाताना गठ्ठा सावंत सरांच्या टेबलावर ठेवून गेल्या. सरांचा ऑफ पिरीयड. टेबलावर कागदांचा गठ्ठा, खिशात लाल पेन. पस्तीस वर्षांची सवय हो, हात थांबतोय कुठे!

मॅडम परत आल्या तेव्हा अर्धा गठ्ठा तपासून झाला होता. "मला गणिताची भीती वाटते" ह्याच्यापुढे ज्यांनी "पूर्ण सहमत" केलं होतं त्यांच्यावर लाल फुली, आणि बाजूला "पालकांना घेऊन भेटा". "मला शाळेत प्रश्न विचारायला आवडतात" ह्याला एकाने "पूर्ण सहमत" केलं होतं, त्याला शेरा: "कधी विचारलास?" शुद्धलेखनाचे मार्क वेगळे कापले होते.

इरा मॅडम रडायच्या बेतात. "सर, हा डेटा आहे! डेटा तपासत नाहीत!"

सावंत सर उभेच राहिले. "अगो बाय, तपासूचो नव्हतो तर गठ्ठो माझ्या टेबलार कित्याक ठेवलंस?"

पुण्याच्या मुलीला त्यातलं अक्षर कळलं नाही, पण ती खुर्चीत बसली. सातवीचा सर्वे पुन्हा घ्यावा लागला.

•

आणि पुन्हा घेतला तोच नडला. कारण मधल्या दिवसांत कदम बाई जाग्या झाल्या.

बाई वाईट नव्हत्या. शाळा बंद पडली तर ह्या मुली घरी बसणार, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणून प्रार्थना झाल्यावर त्या माइकवर आल्या. "मुलांनो, पाहुणे विचारतील शाळा कशी आहे. आपण काय सांगायचं?"

"चांऽगलीऽऽ!"

"शिक्षक कसे आहेत?"

"चांऽगलेऽऽ!"

"स्वच्छतागृह कसं आहे?"

इथे जरा चुळबुळ झाली. मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती. एकजण आत गेली की दुसरी दार धरून उभी राहायची. मधल्या सुट्टीत जोड्या ठरलेल्या असायच्या. मुली पाणी कमी प्यायच्या, हे आम्हा सगळ्या बायांना माहीत होतं आणि आम्ही अर्ज करून करून थकलो होतो.

बाईंनी नजर फिरवली. मग मुलींनीच आधी सुरुवात केली. "चांऽगलंऽऽ!"

सर्वे झाला. वरपासून खालपर्यंत "पूर्ण सहमत". महिन्याभराने सेक्रेटरीसाहेब स्वतः पेढे घेऊन आले. "अभिनंदन! तुमची मुलं इतकी समाधानी आहेत की आम्ही थक्क झालो. यंदाचा दुरुस्तीचा सगळा निधी दादरच्या शाळेला दिलाय. तिथल्या मुलांच्या फार तक्रारी आहेत."

कदम बाईंच्या हातात पेढा तसाच. कांबळे सर माझ्या कानाशी म्हणाले, "पोट भरलं म्हणून सांगितलं, तर ताट उचलून नेलं की हो!"

•

पुढच्या वर्षी तोच सर्वे, तीच इरा मॅडम, आणि माझा तोच वर्ग, आता आठवीत. ह्या खेपेला पुढाकार कांबळे सरांचा. माणूस पेटला होता. "आमच्या घरात आजोबांनी गिरणीत हाडं झिजवली आणि बापाला एकच सांगितलं, शीक आणि तोंड उघड. ही पोरं तोंड उघडणार नाहीत तर शाळा कशाला चालवायची? यंदा खरं लिहायचं. कडी नाही तर नाही लिहा. पंखा बंद तर बंद लिहा."

एका मुलाने विचारलं, "सर, पण कुणी लिहिलं ते कळेल ना?"

"नाव कुठे लिहायचंय? बिनधास्त लिही."

"नाव नाही सर, पण हजेरी नंबर आहे!"

सर इरा मॅडमकडे वळले. मॅडम म्हणाल्या, "ते फक्त पुढच्या वर्षी जोडून बघायला लागतं. अगदी गुप्त असतं." मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पण कांबळे सरांवर त्यांचा जीव होता. लिहिलं त्यांनी. कडी लिहिली, पंखे लिहिले, प्रयोगशाळेला कुलूप असतं ते लिहिलं. आणि "आमचे शिक्षक शांतपणे समजावून सांगतात" ह्यापुढे आख्ख्या वर्गाने गणितासाठी "पूर्ण असहमत" केलं.

हे कुणीतरी सावंत सरांना सांगितलं. सर स्टाफरूममध्ये ताडकन उठले. "मी? मी ओरडतो??" असे ओरडले की खालच्या छापखान्यातल्या माणसाने मशीन बंद करून वर पाहिलं.

 तिसऱ्या दिवशी मात्र सर वर्गात हळू आवाजात शिकवायला लागले. मागच्या बाकावरच्यांना ऐकू येईना. प्राचीच उभी राहिली, "सर, तुम्ही आपले ओरडाच. तसंच समजतं आम्हाला."

•

रिपोर्टची मीटिंग दादरला, एसी हॉलमध्ये. पडद्यावर रंगीत गोल. गेल्या वर्षीचा हिरवागार, यंदाचा लालभडक.

सेक्रेटरीसाहेबांचा आवाज भरून आला होता. खोटं नाही सांगत, खरंच भरून आला होता. "हा मुलांचा आवाज आहे. मुलं दुःखी आहेत. अशा वातावरणात त्यांना ठेवणं हे पाप आहे. जड अंतःकरणाने आपण मराठी शाळा बंद करतोय."

कांबळे सर उठले. "साहेब, कडी बसवा. पंखे लावा. शाळा बंद कशाला?"

"सर, आपण मुलांचं ऐकायला नको का?"

"मग गेल्या वर्षी का नाही ऐकलंत?"

"गेल्या वर्षी मुलं समाधानी होती ना!"

हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली. कांबळे सर बसले ते पाणीसुद्धा न पिता बसून राहिले. बाहेर पडताना मला म्हणाले, "बाई, पोरांनी माझ्या शब्दावर लिहिलं हो."  राग असा आला होता की त्या पडद्यावर चप्पल फेकावी. नाही फेकली. आपण शिक्षक ना, आपल्याला फक्त शिस्त येते.

•

मग पालकसभा. मुलांना दुसऱ्या मराठी शाळेत घालून देऊ, असं संस्थेने कबूल केलं. प्राचीची आई मागे उभी होती. डबे पोचवून तशीच आली होती, कोपरापर्यंत पीठ.

"त्या शाळेची वेळ काय?" तिने विचारलं.

"सकाळचं अधिवेशन," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. "उलट चांगलंच आहे, ताई. सकाळी मुलांचं डोकं फ्रेश असतं. सगळा रिसर्च हेच सांगतो."

"डोकं असंल हो फ्रेश," ती म्हणाली. "सकाळी तिचे हात माझ्याकडे असतात. नुसतं डोकं पाठवू का?"

दोनचार बायका हसल्या. साहेबही हसले. म्हणाले, "ताई, तुमचा सेन्स ऑफ ह्यूमर छान आहे!"

•

मी सरप्लस, म्हणजे अतिरिक्त शिक्षक ठरून शीवच्या शाळेत गेले. सावंत सर निवृत्त झाले, कांबळे सर गिरगावात. वर्ष उलटलं आणि एके दिवशी इरा मॅडमचा फोन. "बाई, मदत हवीय. आमच्या सॅम्पलमधली मुलं सापडत नाहीयेत. तिसऱ्या वर्षाचा डेटा घ्यायचाय. त्या नवीन शाळेत बरीचशी नाहीतच."

"नसणारच," मी म्हटलं. "कुठे असतील असं वाटलं तुम्हाला?"

 त्या बिचारीचाही दोष किती काढणार? चला, म्हटलं, एकीचं घर मला माहीत आहे.

गेलो. चाळीच्या गॅलरीतच पोळ्यांचा वास. प्राची ओट्याशी उभी, एका बाजूला लाटलेल्या पोळ्यांची चळत. मला पाहून लाटणं ठेवलं, हात पुसले आणि वाकून नमस्कार केला. आई डबे घेऊन बाहेर गेली होती. सकाळी घरचं काम, म्हणून नवीन शाळा जमली नाही. आणि शाळा नाही म्हटल्यावर दुपारचेही डबे घेतले. हे सगळं तिने पंखा माझ्याकडे वळवता वळवता सांगितलं. तक्रार नाही, काही नाही. मला तिथे बसवेना.

ह्या वर्षी कागद नव्हते, टॅब होता. इरा मॅडमनी तो पुढे केला. पहिलंच वाक्य आलं: "मला माझ्या शाळेत जायला आवडतं." खाली तेच पाच चौकोन.

"मॅडम, हिला शाळा कुठाय?" मी म्हटलं. "हे सोडून पुढे जा."

"जाता येत नाही, बाई," इरा मॅडम हळूच म्हणाल्या. "एक तरी टिक केल्याशिवाय तो पुढे जातच नाही."

प्राचीने बोटाला राहिलेलं पीठ परकराला पुसलं. बोट टॅबवर धरलं, आणि तसंच धरून माझ्याकडे पाहिलं.

"बाई," तिने विचारलं, "कसं लिहू? सातवीतल्यासारखं, की आठवीतल्यासारखं?"