पांढरी दोनच्या जरा वर

मीनाबाईंना कुणी जाडी म्हणावं, भांडकुदळ म्हणावं, त्या हसून सोडून देत. पण त्या रविवारी ईश्वर मास्तरांनी पेटीचा भाता थांबवला आणि गाण्याच्या मंडळातल्या सगळ्या बायांसमोर म्हणाले, "मीनाबाई, तुमी बेसूर व्हायला लागलाय." हे मात्र मीनाबाईंना हसून सोडता येईना.

त्यांचा उभा जन्म दवाखान्यात आया म्हणून राबण्यात गेला. नवरा गेला, पोरं आपापल्या संसाराला लागली. स्वतःचं म्हणावं असं एकच उरलं होतं, गळा. जयंतीच्या कार्यक्रमात गाण्याआधीचा शेर त्याच म्हणायच्या. शेर मोकळ्या गळ्यानं म्हणायचा आणि शेवटच्या अक्षरावर पेटीनं सूर देऊन गाणं उचलायचं, ही मंडळाची रीत. आता नेमकं तिथंच बिनसत होतं. शेर एका सुरात, पेटी दुसऱ्या. मास्तरांनी शेर संघप्रियाला द्यायचं ठरवलं. पोरगी गुणाची, तिच्यावर रागावायचीही सोय नव्हती.

यंदा तर मीनाबाईंनी तयारी जास्तच केली होती. मंडळाच्या सहलीत कुशीनगरला गेल्या तेव्हा बाकीच्या बायांनी मूर्ती घेतल्या. ह्यांनी रस्त्यावरच्या जुन्या सामानवाल्याकडून पत्र्याची एक काळपट बासरी उचलली. सहा भोकं, तोंडात लाकडाची खुंटी, आणि नाव नाही की आकडा नाही. विकणारा म्हणाला, विलायती आहे. शेजारचे सिद्धलिंगप्पा गिरणीतले. ते म्हणाले, "बाई, हे सूत गुंडाळायचं बॉबीन हाय." काही का असेना, सगळी भोकं दाबून फुंकलं की एक खडा सूर निघायचा आणि तो मीनाबाईंच्या गळ्याला चपखल बसायचा. मास्तर पेटी घेऊन फक्त रविवारी येत. बाकीचे दिवस मीनाबाई बासरी फुंकून सूर धरत आणि भाकरी थापता थापता शेर घोकत.

म्हणजे खोट गळ्यात होती, नाहीतर बासरीत. कशात, ते कळेपर्यंत त्यांना अन्न गोड लागेना. शेवटी बासरी पिशवीत घालून त्या शुक्रवार पेठेत इंद्रजीतकडे गेल्या. तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा.

इंद्रजीतनं बासरी उलटीपालटी करून पाहिली, एकेक बोट उचलत वाजवली, मग कोपऱ्यातली पेटी ओढली.

"टिन व्हिसल म्हणत्यात हिला. गोऱ्या लोकांची बासरी. कुणी केली, कवा केली, ते काय सांगता येत न्हाय. पण पेटीवरची पट्टी सापडली. दुसरी पांढरी, म्हंजी पांढरी दोन."

"मास्तर बी पांढरी दोनच धरत्यात की," मीनाबाई म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. खोट गळ्यातच होती तर.

"थांबा की मावशी." इंद्रजीतनं बासरीचं खालचं टोक उजेडात धरलं. कड कानशीनं घासलेली होती. "हिला कुणीतरी खालनं कापलीया. बाकीचे सूर जाग्यावर हायत. सगळी भोकं दाबल्यावर येतो तेवढाच चढलाय. पांढरी दोन बी न्हाय, काळी दोन बी न्हाय. मधीच."

अख्ख्या बासरीत एकच सूर खोटा, आणि मीनाबाईंनी तोच पाठ केला होता. नशीब म्हणतात ते असं.

इंद्रजीतनं त्यांना शेर म्हणायला लावला. शेवटचं अक्षर त्यांनी लांबवलं तशी त्यानं बासरी फुंकली. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले.

"केसभर बी हलला न्हाय तुमी. बेसूर माणसाला असा सूर धरता येतो व्हय?"

मीनाबाईंना रडू आलं. पदरानं डोळे पुसत त्यांनी विचारलं, "पण कापली कशाला आसंल?"

"आदीच्या मालकाला पांढरी दोन खाली पडत आसंल. गळा तर कापता येत न्हाय, मग बासरी कापली."

पुढच्या रविवारी त्यांनी सगळं मंडळाला सांगितलं. मास्तर म्हणाले, "बरं, बासरी चुकली. आता ती ठेवा घरी आन् पेटीचा सूर धरा." मीनाबाईंनी मनापासून प्रयत्न केला. पण घोटलेला सूर तो; शेवटचं अक्षर दर वेळी वरच जायचं. जयंती तर तोंडावर आलेली.

संघप्रिया म्हणाली, "मास्तर, पेटीचा सूर हलत न्हाय, पण ढोलकी आवळून चढवता येती. हे एक गाणं नुसत्या ढोलकीवर हुत न्हाय का?"

मंडळाच्या ढोलकीवाल्यानं बासरीला कान देत ढोलकी आवळली. दोन थापा मारल्या आणि हसला. जुळली होती.

"आन् मी काय करू?" मास्तर चिडले.

"इतकी वरसं मी तुमच्या पेटीमागं आले, मास्तर," मीनाबाई म्हणाल्या. "ह्या एका गाण्याला तुमी माज्या मागं या. टाळ्या वाजवा."

जयंतीच्या संध्याकाळी मास्तर पेटी मिटून टाळ्या वाजवायला बसले. मीनाबाईंनी शेर उचलला, शेवटच्या अक्षरावर ढोलकी बरोबर त्याच सुरात पडली, आणि सगळी गल्ली उठून उभी राहिली. मास्तरांच्या हातांना टाळीची सवय नव्हती. दुसऱ्या कडव्याला त्यांचा ताल चुकला, पुन्हा चुकला, आणि ते गोरेमोरे झाले. मीनाबाईंनी गाणं थांबवलं नाही. गाता गाताच त्यांच्याकडे वळून त्यांनी नुसती मान हलवून टाळी कुठं पडायची ती सम दाखवली.