मिहूने परत जाऊ नये

रुपालीबद्दल कोणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. "नवऱ्याने टाकलेली," म्हणतात मेले. अरे, टाकलेली काय? ती काय कचऱ्याची पिशवी आहे? वैभव तिला सोडून दुसरीबरोबर विरारला जाऊन राहिला, दोन वर्षं साधा फोन केला नाही. पळाला तो, आणि नाव कोणाला? हिला!

लालबागच्या आमच्या चाळीत तळमजल्यावर माझं पोळी-भाजी केंद्र आहे. रुपाली पोळ्या लाटते, तिची आई गंगुबाई भाज्या बघते. दोघी वरच्या मजल्यावर एका खोलीत राहतात, रुपालीचा धाकटा भाऊ दौलतही तिथेच. रुपाली कमी बोलणारी. कोणाचा धक्का तिला लागला तरी सॉरी हीच म्हणणार. पहिली करपलेली पोळी गुपचूप स्वतःच्या डब्यात ठेवते. मी ओरडते, तरी ठेवते. गंगुबाई याच्या अगदी उलट. तिचा आवाज नाक्यापर्यंत जातो, आणि चिडली की थेट मालवणीत उतरते.

आमच्यात ते जपानी वेड आणलं माझ्या भाचीने, प्रितीने. कॉलेजच्या आधी ती डबे भरायला येते आणि मोबाईलवर मंगा वाचते. म्हणजे चित्रांची गोष्ट, उजवीकडून डावीकडे वाचायची. एकदा गंगुबाईने विचारलं, "काय गो, एकटीच हसतंस?" तेव्हापासून प्रिती आम्हाला ती मराठीत सांगायला लागली. गोष्टीतल्या पोरीचं नाव मिहोको. आमच्याकडे तिची मिहू झाली. तिचा नवरा तादाशी तिला एका बंदरावरच्या गावात सोडून शहरात निघून गेला. मिहू आपली जाळी विणून पोट भरते आणि एक साधा पोस्टमन तिच्यावर जीव टाकतो. सीरियलसारखं रडगाणं, पण काय सांगू, आम्हाला चटक लागली. नवा भाग आला की भाजीला फोडणी दोन मिनिटं उशिरा पडायची.

आणि मग तो तादाशी परत आला. मिहूच्या दारात गुडघे टेकून रडायला लागला. प्रिती म्हणाली, "आता एकच भाग उरलाय, मावशी. पुढच्या गुरुवारी शेवट. गोष्टीखाली कमेंटमध्ये वाचकांची भांडणं पेटलीत. अर्धे म्हणतात तिने माफ करावं, अर्धे म्हणतात पोस्टमनशी लग्न करावं."

"माफ?" गंगुबाईने झारा कढईवर आपटला. "मेल्याक उंबऱ्याच्या आत घेव नको म्हणावं! आणि पोस्टमन कित्याक? एकटी राहूदे की! हात नाय तिका?"

"हे लिहू का तिथे?"

"लिही! माझ्या नावान लिही! चपलेन हाण म्हणावं!"

प्रितीने ते इंग्रजीत लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर काय, गंगुबाईच्या त्या वाक्याला ब्राझीलपासून लाइकचे बदाम आलेले. म्हातारी अशी फुगली की विचारू नका.  पण मी पाहिलं, रुपाली आईकडे बघत होती आणि तिचं लाटणं थांबलं होतं.

दोनच दिवसांनी, रविवारी, वैभवचा मामा कुशाबा पेढ्यांचा पुडा घेऊन हजर! म्हणे पोराला पश्चात्ताप झालाय, विरारचं प्रकरण संपलंय, तो खाली टॅक्सीत बसलाय. टॅक्सीत! वर यायची लाज वाटते, आणि बायको मात्र न्यायची घाई.

शेजारीण म्हणून मलाही वर बोलावलं. मला वाटलं, गंगुबाई आता ह्या कुशाबाची अशी खरडपट्टी काढेल की पुन्हा लालबागचं नाव घेणार नाही. कसलं काय! पदर सावरून त्याला चहा दिला. म्हणाली, "चुकतात पोरं. घेऊन जावा." आणि चक्क ओटीची तयारी! ताटात तांदूळ, नारळ, खण. रुपाली कोपऱ्यात उभी. तिच्याकडे एकानेही वळून बघितलं नाही.

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "गंगुबाई, लाज वाटते का? चित्रातल्या पोरीला उंबरा नको, आणि पोटच्या पोरीची ओटी भरतेस?"

"ती चित्रातली गो!" तिने माझ्यावरच आवाज चढवला. "तिका ना भाऊस, ना खोली. दौलतचा लगीन ठरतासा. नवी सून येतली ती खंय निजतली? माझ्या डोक्यार? गोष्टीत बोलूक कोणाचा काय जाता?"

दौलत मान खाली घालून मोबाईल चोळत होता. मोठा नवरदेव! बहिणीच्या जागेवर पलंग टाकणार! कुशाबाने घसा खाकरला. "पोरीचं काय म्हणणं? तसं ठरलंच आहे म्हणा."

ठरलंच आहे! मग विचारतोस कशाला रे?

रुपाली पुढे आली. मला वाटलं आता निमूट पाटावर बसते. पण ती आईसमोर उभी राहिली. आवाज एवढासा, पण थरथर नाही. "आये, त्याने मला मारलेलं तुला माहीत आहे. तिकडे पुन्हा मारलं तर मी इथे यायचं नाही, हेही मला माहीत आहे. तू जा म्हणालीस तर जाते. ह्यांनी सांगून नाही. तू माझ्याकडे बघून म्हण, जा."

गंगुबाईच्या हातात नारळ होता. तोंड उघडलं तिने. मिटलं. पुन्हा उघडलं. एवढी बोलघेवडी बाई, आणि 'जा' हे एक अक्षर निघेना. कुशाबा म्हणाला, "अहो वहिनी, टॅक्सी थांबलीय खाली."

त्या बोलण्याने झालं काय कोण जाणे, गंगुबाईने नारळ ताटात असा आदळला की तांदूळ खोलीभर उडाले. "थांबलीहा तर थांबूदे! दौलत, खाली जा. त्येका सांग, ती येवची नाय."

"आये, मग माझं लग्न?"

"तुका नि तुझ्या बायलेक निजाक गॅलरी आसा!"

कुशाबा पुडा उचलून चपला शोधायला लागला. जाता जाता पुटपुटला, "आईनेच पोरीचा संसार मोडला."

हे ऐकलं आणि गंगुबाई जिन्यापर्यंत त्याच्या मागे गेली. सगळी चाळ दारात आली होती. मी तिला धरायला धावले. ह्याच चाळीत नवऱ्याचा मार खाऊन एकदा ती कणकवलीला माहेरी पळाली होती, आणि बापाने तिची ओटी भरून तिला परत एसटीत बसवलं होतं. हे मला त्या दिवशी कळलं, सगळ्या चाळीबरोबरच, कारण ती कठड्याला धरून खाली ओरडत होती.

"तेवा माका कोणी इचारल्यान? माझ्या बापाशीन केल्यान ता मी करूचंय नाय! ऐकलास? मी करूचंय नाय!"