मधला शनिवार

विहिरीच्या काठावर आला की तो आधी चपला काढायचा. नुसत्या भिरकावून द्यायचा नाही. टाचा विहिरीकडं आणि तोंडं बाहेर, अशी जोडी नीट मांडायचा. मी एकदा विचारलं, "काय मिस्त्री, देवळात चाललात का?" तर म्हणाला, "वर आल्याव वळाय नगं. सरळ पाय घालायचं आन् घराकडं." मग कमरेला दोर बांधायचा, काठावरच्या दगडावर दोनदा थाप मारायचा आणि ठरलेलं वाक्य म्हणायचा, "वर हुबं ऱ्हाऊन काय व्हत न्हाय. उतरावं लागतंय."

हे वाक्य त्याला कुठंही चालायचं. बायकोनं कणगीच्या तळातली ज्वारी काढायला सांगितली तरी तेच, आणि सोसायटीच्या मीटिंगात चेअरमन भाषण ठोकत असले तरी मागून तेच. लोक हसायचे. मी तर पोट धरून हसायचो. आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तो बहात्तरचा दुष्काळ. नळदुर्गच्या बाजूला एका गावात मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. वय पंचवीस, अक्कल बेताची आणि राग नाकावर. गावातले सगळे आड तळाला गेलेले, म्हणून सोसायटीनं सामायिक विहीर खणायला घेतली आणि ती खणायला हा मिस्त्री आला. बुटका, काळा, भुवयांवर कायम दगडाची पांढरी धूळ. मूळ पाहिलं तर आम्ही दोघं एकाच समाजाचे, गावकुसाबाहेरचे. तो लहानपणीच मिशनच्या बोर्डिंगात जाऊन ख्रिस्ती झालेला. आमच्या वडिलांनी छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर घरातले देव काढले आणि आम्ही बौद्ध झालो. त्यामुळं त्याची थट्टा करायचा आपल्याला हक्कच आहे, असं मी धरून चाललो होतो.

एका दुपारी लिंबाखाली भाकरी खाताना मी त्याला धरलं. "मिस्त्री, तुमच्या येशूला मानलं तरच मोक्ष ना?"

"तारन," त्यानं माझी चूक काढली.

"तारण तर तारण. मग आमचे बुद्ध कुठं? ते येशूच्या पाचशे वर्षं आधीचे. त्यांनी मानायचं कुणाला?"

त्याचा घास हातातच राहिला. चार गडी फिदीफिदी हसले आणि मला आकाश ठेंगणं झालं. त्यानंतर आठ दिवस तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. नवव्या दिवशी आपण होऊन जवळ आला.

"सेक्रेटरी, तुमी बुद्धाचं इचारलं व्हतं. म्या लई इचार केला. भेट झाली आसंल."

"कुणाची?"

"दोघांची. आमचा मालक शुक्रवारी मेला, रविवारी उठला. मग मधल्या शनिवारी कुठं व्हता? खाली गेलता. आदी मेलेल्या लोकांना आणाय. तितं तुमचं बुद्ध बी भेटलं आसतील की."

"आमच्या बुद्धांना कुणी वर काढायची गरज नाही, मिस्त्री!" मी तडकलो.

"बरं, ऱ्हायलं. मग नुसता नमस्कार झाला आसंल," तो म्हणाला आणि पहार उचलून कामाला लागला.

हा मधला शनिवार त्याच्या डोक्यात किती खोल गेला होता ते मला पुढं कळलं. गुड फ्रायडे झाला, दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, पण विहिरीत उतरेना. चेअरमन लालबुंद. "तुमची सुट्टी रविवारची ना? शनिवार कुठून काढला?"

"आज मालक सोता खाली गेल्यात," मिस्त्री म्हणाला. "आज आपुन वर बसून दोर धरायचा."

आणि खरोखर धरला हो! डोक्यावर ऊन आग ओकत होतं आणि हा माणूस दिवसभर काठावर बसून रिकामा दोर विहिरीत सोडून हातात धरून होता. मी चेअरमनला म्हणालो, याला ऊन लागलंय.

पुढच्याच महिन्यात ते झालं. सुरुंग उडवल्यावर विहिरीत वाईट हवा साठते. मिस्त्रीचा नियम असा की दुसऱ्या दिवशी आधी कंदील सोडायचा. तो विझला तर लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून वर-खाली घुसळायचा, वरून पाणी ओतायचं, आणि मगच माणसानं उतरायचं. त्या सकाळी मिस्त्री सुरुंगाची वात आणायला तालुक्याला गेलेला. एका गड्याची पहार खाली राहिली होती. तो कुणाला न विचारता उतरला आणि हाक मारली तर ओ देईना. वाकून पाहिलं, तर तळाशी पालथा पडलेला.

वीस-पंचवीस माणसं काठावर जमली. कुणी म्हणालं, "पाण्यातल्या आसरांनी धरला." बायकांनी गळा काढला. मी? मी तिथला जबाबदार माणूस. मी नुसता ओरडत होतो. काय ओरडत होतो तेही आठवत नाही. माझे पाय जमिनीत रुतले होते.

तेवढ्यात मिस्त्री आला. कंदील सोडला; अर्ध्यावर विझला. त्यानं चौघांना डहाळ्याला जुंपलं, दोघांना घागरी ओतायला लावल्या, ओलं धोतर तोंडाला गुंडाळलं आणि दोर बांधून तो उतरला. चपला कशाही उडून पडल्या. आधी गडी वर आला, मग मिस्त्री. गडी खोकला, श्वास घेतला. मिस्त्री बाजूला जाऊन भडभडून ओकला. मी धावत त्याच्याजवळ गेलो, "शाबास मिस्त्री!" म्हणालो, आणि त्यानं माझ्या कानाखाली वाजवली.

सोसायटीच्या सेक्रेटरीच्या! पंचवीस माणसांसमोर! पण खरा धक्का त्या थपडेचा नव्हताच.

"एवढी मानसं!" तो ओरडत होता. "एवढी मानसं वर हुबी! माझ्या आईच्या येळंला बी एवढीच व्हती!"

दुपारी तो आपण होऊन माझ्याकडं आला. माफी मागायला आला असावा. मागितली मात्र नाही. लिंबाखाली बसून, खाली बघत त्यानं सगळं सांगितलं. तो सात-आठ वर्षांचा असताना असाच उन्हाळा होता. गावच्या विहिरीवर त्यांना बंदी. वस्तीमागं एक टाकलेला आड होता, त्याच्या तळातलं पाणी वाटीनं खरवडायला त्याची आई उतरली आणि आतच कोसळली. सगळं गाव काठावर आलं. पण आडात आसरा आहेत म्हणून कुणी उतरेना आणि ती बाई गावकुसाबाहेरची म्हणून तिला हात लावायला कुणी धजेना. तिसऱ्या प्रहरापर्यंत ती खाली कण्हत होती. हा काठावरून ऐकत होता. मग तेही थांबलं.

मी बौद्ध वस्तीत वाढलेला माणूस. असल्या गोष्टी मी ऐकल्या नव्हत्या असं नाही. पण ज्याची मी इतके दिवस टिंगल केली, त्याच्या तोंडून ती ऐकत होतो.

"आन् वरीसभरानं मिशनवालं आलं," तो म्हणाला. "मला बोर्डिंगात नेलं, बाप्तिस्मा दिला. म्या म्हाताऱ्या पाळकसायबांना इचारलं, म्या तरलो, माझ्या आईचं काय? तिनं तर मालकाचं नाव बी ऐकलं न्हवतं. तवा त्येंनी मला मधला शनिवार सांगितला. जे आदी मेलं, त्येंच्यासाठी मालक सोता खाली उतरला. तिच्यासाठी कुनी उतरलं न्हाय सेक्रेटरी, पर त्यो उतरला."

त्यानंतर मी त्याची थट्टा केली नाही.

विहिरीला पाणी लागलं. काही वर्षांनी तिची एक बाजू ढासळली म्हणून मी एका रविवारी मिस्त्रीला बोलवायला दोन कोसांवरच्या त्यांच्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात गेलो. सोलापूरकडून नवा तरुण पाळक आला होता. सगळी मंडळी उभी राहून आपला विश्वास, म्हणजे आपण काय काय मानतो ते पाठ केलेले शब्द, एका सुरात म्हणत होती. मी दारात थांबलो. पाळक म्हणाला, "मेला, पुरला गेला," आणि लगेच तिसऱ्या दिवशीच्या उठण्यावर गेला.

"अधोलोकात उतरला!" मागच्या रांगेतून मिस्त्री गरजला.

सगळ्या माना मागं वळल्या. पाळक गोरामोरा झाला. कसंबसं त्यानं पुढचं उरकलं. बाहेर आल्यावर मिस्त्रीनं त्याला गाठलं.

"पाळकसायेब, वळ कुठं गेली?"

"नव्या पुस्तकात ती ओळ नाही, मिस्त्री. पुष्कळ ठिकाणी म्हणत नाहीत."

"न्हाय म्हंजी? माझी आई हाय तितं."

पाळक वाईट माणूस नव्हता, पण नुकताच शिकून आलेला होता. तो म्हणाला, "ती ओळ धरली तरी ती ख्रिस्ताच्या आधीच्या लोकांची. तुमच्या आई अलीकडच्या. त्यांनी विश्वास ठेवलेला नाही. त्यांचं तारण झालं असं मी सांगू शकत नाही."

मी परक्या धर्माचा माणूस, पण माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मुलाच्या तोंडावर हे असं बोलायचं? मिस्त्रीचा चेहरा धुळीसारखा पांढरा पडला. मला वाटलं, आता याच्याही कानाखाली बसते. पण तो हळू आवाजात बोलला.

"इस्वास कशाव ठिवती, सायेब? कुनी सांगाय आलतं का तिला? तुमची सुवार्ता आमच्या वस्तीत यायच्या आदी ती गेली. आमच्यासाठी तेच आदी."

"मिस्त्री, त्याला दोन हजार वर्षं होत आली."

"आडात उतरल्याव वरचं घड्याळ दिसत न्हाय. तुमी कदी उतरलाव का? वर हुबं ऱ्हाऊन सांगताय ह्ये."

त्यानं प्रार्थनाघर सोडलं नाही. दर रविवारी येऊन मागच्या रांगेत उभा राहायचा आणि सगळी मंडळी ती ओळ गाळून पुढं जायची तेव्हा एकट्यानं म्हणायचा. पाळक रागवायचा, पोरं खिदळायची, त्याची बायको पदर तोंडाला लावायची. तो बधला नाही. एवढं एक वाक्य सुटलं तर आई पुन्हा आडात एकटी राहील, असं त्याला वाटायचं. हे त्यानंच मला सांगितलं.

मग पुढच्या टंचाईत मिशनच्या आवारातली विहीर आटली. गाळ काढायला मिस्त्रीच आला, पण म्हणाला, "पाळकसायेब, तुमी बी चला." आणि काय आश्चर्य, पाळक पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उतरला! तासाभरानं चिखलानं माखून वर आला आणि कुणाशी न बोलता घरात गेला. खाली दोघांचं काय बोलणं झालं देव जाणे. पुढच्या रविवारी "पुरला गेला" म्हटल्यावर तो थांबला. ओळ स्वतः म्हणाला नाही, पण थांबला. मिस्त्रीनं आपली ओळ म्हटली आणि मग सगळे पुढं गेले. तेव्हापासून तसंच चालू राहिलं.

माझी बदली तुळजापूरकडं झाली. काही वर्षांनी निरोप आला, मिस्त्री गेले. दगडाच्या धुळीनं छाती खाल्ली होती. मी मिळेल त्या एसटीनं निघालो आणि पोचलो तेव्हा पेटी खड्ड्यात सोडून झाली होती. मी गर्दीतून वाट काढत थेट काठापर्यंत गेलो.

पाळकाच्या कानांजवळ आता पांढरं दिसत होतं. त्यानं विश्वास म्हणायला सुरुवात केली, मंडळी मागून म्हणू लागली. "मेला, पुरला गेला," आणि पाळक थांबला. सवयीनं थांबला. मंडळीही थांबली. सगळे त्या आवाजाची वाट बघत राहिले आणि मग एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. मिस्त्रीची बायको मटकन खाली बसली. पाळकाचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. माणसं इतकी, सगळी काठावर उभी, आणि कुणी काही करेना.

मी आत्मा मानत नाही, स्वर्ग मानत नाही, अधोलोकही मानत नाही. पण मी आपोआप वाकून चपला काढल्या, जोडी नीट मांडली.

"अधोलोकात उतरला!" मी ओरडलो.

माझाच आवाज ऐकून मी हादरलो. पाळकानं माझ्याकडं पाहिलं, डोळे पुसले आणि पुढची ओळ घेतली. माती लोटून झाल्यावर मी तसाच चालत निघालो. स्टँडवर आल्यावर पाय पोळले तेव्हा कळलं, चपला तिथंच राहिल्या होत्या, काठावर, तोंडं बाहेर करून.